गोठ्यातले चार दिवस

"या वेळी आपण सगळे गोठ्यात राहायला जाणार आहोत," असे आपाने फोनवर सांगितले तेव्हा आम्हाला वाटले, ती थट्टा करते आहे. विलायतेला जाण्यासाठी सहा महिने व्हिसाची कागदपत्रे गोळा केली, दोन वर्षांची बचत तिकिटात घातली, आणि राहायचे कुठे, तर गोठ्यात! आमच्या मुलांनी तर तोंडच वाकडे केले. अब्बा मात्र बराच वेळ हसत होते. म्हणाले, "चला, आयुष्यभर गोठ्यातून बाहेर पडायची धडपड केली, आता पैसे देऊन परत गोठ्यात."

आमची आपा लग्न होऊन ब्लॅकबर्नला गेली त्याला आता 28 वर्षे झाली. ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यातले गिरणगाव. एके काळी इथले कापड आपल्या देशात येऊन पडत असे. स्वदेशीच्या चळवळीने या गिरण्यांचा धंदा बसला, तेव्हा 1931 साली गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी येऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले होते. पुढे 1960 च्या दशकात याच गिरण्यांत रात्रपाळी करायला भारत-पाकिस्तानातून माणसे आली आणि गिरण्या बंद पडल्यावरही इथलीच झाली. आमचे दुल्हाभाई अशाच एका घरातले. आता ते बस चालवतात.

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागताच आम्ही निघालो. आम्ही दोघे, दोन मुले आणि 77 वर्षांचे अब्बा. तिकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळांना आठ दिवसांची सुट्टी असते. त्या सुट्टीत आपाचे कुटुंब, दुल्हाभाईंच्या भावाचे कुटुंब आणि आम्ही मिळून सोळा माणसे यॉर्कशायर डेल्समधल्या स्वेलडेल नावाच्या खोऱ्यात चार रात्री राहणार होतो. सोळा माणसांना हॉटेल परवडत नाही. त्यामुळे तिकडे जुने गोठे, खळ्यावरची कोठारे दुरुस्त करून त्यांत मोठे स्वयंपाकघर आणि दुमजली पलंगांच्या खोल्या केलेल्या असतात. आख्खी इमारत एकाच गटाला भाड्याने मिळते. खर्च माणशी वाटून घ्यायचा, स्वयंपाक आपला आपण करायचा.

या सहलीच्या सामानात एक गोष्ट अशी होती, जी आम्ही कुणाला दाखवली नव्हती. बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक लिफाफा होता. त्याच्याविषयी पुढे सांगू.

वाटेवर

सोमवारी सकाळी तीन गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीच्या मागच्या भागात फक्त स्वयंपाकाचे सामान होते. दोन देगच्या, तवा, तांदळाचे पीठ, मसाल्याचे डबे आणि ब्लॅकबर्नहून घेतलेले हलाल गोश्त, बर्फात बांधलेले. ज्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला वेगळे लोक येऊन काय काय शिजवतात, तिथली भांडी वापरायची नाहीत, हे आपाने आधीच ठरवले होते. न्हाणीघरासाठी तिने चार प्लॅस्टिकचे जगही आठवणीने घेतले होते. "विलायतेत सगळे मिळते, तांब्या मिळत नाही," हे तिचे ठरलेले वाक्य.

सेटल गाव मागे पडले आणि डोंगर सुरू झाले. रिबलहेड येथे गाड्या थांबवल्या. समोर उघड्या माळावर चोवीस कमानींचा दगडी रेल्वे पूल उभा होता. 1870 ते 1874 या काळात तो बांधला गेला. मजूर याच माळावर झोपड्या टाकून राहत. अपघातांत आणि देवीच्या साथीत त्यांतले कितीतरी दगावले. जवळच्या चॅपल-ले-डेलच्या स्मशानात त्यांना पुरले आहे. 1980 च्या दशकात या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च झेपत नाही म्हणून सेटल ते कार्लाइल हा सगळा मार्गच बंद करायचा घाट घातला गेला होता. लोकांनी काही वर्षे नेटाने विरोध केला आणि 1989 साली सरकारने तो बेत सोडून दिला. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक छोटी गाडी वरून गेली. मुलांनी हात हलवले.

हॉस गाव ओलांडल्यावर बटरटब्स नावाचा घाट लागतो. घाटमाथ्यावर चुनखडीच्या दगडात खोल विवरे आहेत. बाजाराला जाणारे शेतकरी उन्हाळ्यात विसाव्यासाठी थांबत आणि लोणी वितळू नये म्हणून त्या थंड विवरांत उतरवून ठेवत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. घाट उतरताना समोर स्वेलडेलचे खोरे उघडले आणि गाडीतले सगळे गप्प झाले.

हिरव्या शेतांचे तुकडे आणि त्यांच्या भोवती दगडी कुंपणे. ती डोंगराच्या पार माथ्यापर्यंत सरळ चढत गेलेली. आणि जवळजवळ प्रत्येक शेतात एक छोटी दगडी इमारत, एकटीच उभी. अब्बा काच खाली करून म्हणाले, "अरे, हे तर गडगे! आणि प्रत्येक शेतात गोठा?"

अब्बांचे बरोबर होते. कोकणात आपण चुना-माती न वापरता नुसत्या दगडांवर दगड रचून गडगा घालतो, तसेच हे गडगे. दोन्ही बाजूंनी मोठे दगड आत कलते रचायचे, मधल्या पोकळीत बारीक दगड भरायचे, मध्येमध्ये आरपार जाणारा लांब दगड घालायचा आणि वर उभ्या दगडांची ओळ. म्यूकर या गावाभोवती एक किलोमीटरच्या आत असे साठेक गोठे आहेत. 1989 साली वरच्या स्वेलडेलचा हा भाग गोठे आणि कुंपणे यांसाठीच खास संरक्षित म्हणून जाहीर झाला. किल्ला नाही, राजवाडा नाही. गोठे आणि गडगे जपण्यासाठी संरक्षण! आमच्या दहावीच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटले नाही.

गोठा कसा होता

आमचा गोठा गावाबाहेर ओढ्याकाठी होता. दोनशे वर्षांहून जुना, असे मालकीणबाईंनी सांगितले. वय सत्तरीच्या पुढे, पायात रबरी बूट, आणि बोली अशी की इंग्रजीच्या शिक्षकांनाही अर्धीच कळावी. आपाचा मोठा मुलगा दुभाष्या झाला. त्या प्रत्येकाला 'लव्ह' म्हणून हाक मारत. तिकडची ती साधी पद्धत आहे. पण "या लव्ह, पायरी सांभाळा," असे त्या अब्बांना म्हणाल्या आणि नातवाने अर्थ सांगितला, तेव्हा अब्बांचे कान लाल झाले. पुढचे चार दिवस मुलांना तेवढे पुरले.

भिंती हातभरापेक्षा जाड. बाहेरून काहीही बदललेले नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जुन्या इमारतीला नवी खिडकी पाडायची तरी परवानगी लागते. आत मात्र गरम पाणी, मोठी चूल, लांबलचक जेवणाचे टेबल. खाली जिथे गाई बांधत तिथे आता बैठक आणि स्वयंपाकघर. वर जिथे गवत भरत तिथे झोपायच्या खोल्या. दोन गाईंच्या मध्ये उभे केलेले दगडी पडदे मात्र तसेच ठेवले होते. त्यांच्या मधल्या जागेत आता बाकडी होती. म्हणजे जिथे गाय उभी राहत होती तिथे आमची मुले बसून नाश्ता करत होती.

मालकीणबाईंनी पहिल्या संध्याकाळी आम्हाला सगळी व्यवस्था समजावून दिली, ती वाचकांनाही सांगण्यासारखी आहे. जुलैमध्ये शेतातले गवत कापायचे, वाळवायचे आणि त्याच शेतातल्या गोठ्यात वरच्या झरोक्यातून आत टाकून छपरापर्यंत भरायचे. नोव्हेंबरात गाई आत बांधायच्या, त्या मेपर्यंत आतच. त्या शेताचे गवत त्याच शेताच्या गाईंनी खायचे. त्यांचे शेण त्याच शेतात पसरायचे. गवत दूर वाहून न्यायला नको, खत दूरवरून आणायला नको. फक्त माणसाला रोज दोन वेळा या गोठ्यातून त्या गोठ्यात चालावे लागे, बर्फ पडो की पाऊस. भिंतीवर पत्र्याचे एक चपटे भांडे टांगले होते. ते दुधाने भरून पाठीवर घेऊन बाईंची आई खोऱ्यातून घरी येत असे. ट्रॅक्टर आले, चारा आंबवून साठवण्याची पद्धत आली, गावाजवळ मोठी शेड झाली आणि हे गोठे ओस पडले. कितीतरींची छपरे कोसळली.

खोऱ्यातली माणसेही अशीच गेली. इथे पूर्वी शिशाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या बसल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे लँकेशायरच्या कापडगिरण्यांत कामाला गेली. दुल्हाभाई हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्या वालिदसाहेबांच्या आधी त्या मागावर इथलाच कुणी तरी उभा असेल."

दिवस आणि रात्र

मेच्या अखेरीस तिकडे सूर्य सव्वानऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो. मध्यरात्रीही उत्तरेकडे आकाश पुरते काळे होत नाही. मगरिबची नमाज साडेनऊला आणि इशाची केव्हा, हा प्रश्न. उन्हाळ्यात तिथे संध्याप्रकाश रात्रभर विरतच नाही, त्यामुळे इशाची वेळ उलेमांनी ठरवलेल्या वेगवेगळ्या हिशोबांनी काढतात. आम्ही आपाच्या मोहल्ल्यातील मशिदीचे वेळापत्रक पाळले. आमची मुले जेवून, नमाज पढून झोपायला जात तेव्हा बाहेर अजून उजेड असे. "इथे रमजान उन्हाळ्यात आला तर?" आमच्या धाकट्याने विचारले. आपाची सून म्हणाली, "आला होता. अठरा-अठरा तासांचे रोजे केले आम्ही." धाकटा त्यानंतर भुकेची तक्रार करेनासा झाला.

किब्ला हा आणखी एक धडा. आपल्याकडे लहान मूलही पश्चिमेकडे बोट दाखवते. तिथे होकायंत्र काढले तर किब्ला आग्नेयेकडे! जगाच्या नकाशावर हे आम्ही वर्गात शिकवू शकलो असतो, पण कधी शिकवले नव्हते. बैठकीतली टेबले सरकवून सतरंज्या अंथरल्या, तर सफ भिंतींना तिरकी आली. एका टोकाला दुल्हाभाई चुलीजवळ, दुसऱ्या टोकाला मुले दगडी पडद्याला खेटून, बायकांची सफ मागे जिन्यापाशी. इमामतीला अब्बा. त्या जाड भिंतींत त्यांचा आवाज घुमला नाही, दगडांनी तो जणू शोषून घेतला. सलाम फेरल्यावर ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

मंगळवारी आम्ही म्यूकरच्या गवताळ शेतांतून नदीकडे गेलो. शेतातून एक फरसबंद पायवाट जाते आणि एकामागून एक चालावे लागते, गवत तुडवायचे नाही. पिवळी बटरकप फुले उमलली होती. शेतकरी ही शेते जुलैपर्यंत कापत नाहीत, म्हणजे फुलांचे बी गळून पडते. 1930 च्या दशकापासून ब्रिटनमधली अशी फुलांची 97 टक्के कुरणे नाहीशी झाली, त्यामुळे उरलेल्यांची एवढी काळजी. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकपुडीच्या, शिंगे वळलेल्या स्वेलडेल मेंढ्या आपापल्या कोकरांसह आमच्याकडे टक लावून पाहत होत्या. सोळा माणसांची रांग, सलवार-कमीज आणि बुरख्यावर पावसाळी कोट, अब्बांच्या डोक्यावर टोपी. समोरून आलेल्या एका वृद्ध जोडप्याने फाटक धरून ठेवले आणि सोळाही जण जाईपर्यंत सोडले नाही. सोळा वेळा 'थँक यू' झाले.

स्वयंपाकाचा नियम असा होता की, दुपारी बायका आणि रात्री पुरुष. पहिल्या रात्री पुरुषांची बिर्याणी खाली लागली. दुसऱ्या रात्री अब्बांनी स्वतः उभे राहून अखनी शिजवली. कुवेतला असताना पंधरा जणांच्या खोलीत शिकलेली. देगचीचा दम फुटला तेव्हा मालकीणबाई शेजारच्या घरातून वास घेत आल्या आणि आमच्याबरोबर जेवल्या.

तो दगड

त्या रात्री जेवण झाल्यावर आमच्या मुलीने बाईंना विचारले, "हे सगळे शेत तुमचेच का?"

बाई म्हणाल्या, "नाही. घर आणि जमीन भावाची. आमच्याकडे शेत मुलाला जाते. वडिलांनी तसेच मृत्युपत्रात लिहिले होते. हा गोठा मला मिळाला, कारण तो कुणालाच नको होता. याला छप्परही नव्हते." मग हसून पुढे म्हणाल्या, "लहानपणी याच गोठ्यातल्या गाई माझ्याकडे होत्या. भाऊ शाळेत जायचा."

दुभाष्या झालेल्या भाच्याने हे सहज सांगून टाकले. आपा त्या वेळी टेबल पुसत होती. तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही.

आता तो लिफाफा. आमचे गाव खेड तालुक्यात. तिथे जांभ्या दगडाचे आमचे जुने घर, त्यामागे गोठा आणि थोडी वाडी आहे. ही मिळकत अम्मीच्या नावावर होती. अम्मी दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. दोहाला असलेल्या भाईजानने मुंबईचे एक गिऱ्हाईक आणले. गोठा पाडून जागा मोकळी करून द्यायची, भाव चांगला आला होता. लिफाफ्यात आपाच्या नावाचे हक्कसोडपत्र होते आणि वकिलातीत जाऊन करायच्या मुखत्यारपत्राचा मसुदा. 'आपाला काय कमी आहे? तिचे विलायतेत घर आहे. ती नाही म्हणणार नाही,' असे भाईजान म्हणाला आणि आम्हीही मान हलवली. खरे सांगायचे तर आम्हालाही पैसे हवे होते. मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण समोर होते. सहलीच्या शेवटी, सगळे खुशीत असताना, सही घ्यायची असे ठरले होते.

बाई गेल्यावर अब्बा उठून त्या दगडी पडद्याजवळ गेले. पडद्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, दगडात एक गुळगुळीत खोबण पडली होती. अब्बांनी त्यात अंगठा फिरवला.

"साखळीने झिजलाय," ते म्हणाले. "आपल्या गोठ्यात लाकडाच्या खुंट्याला अशीच खाच आहे. पाहिलीय का कुणी?"

आम्ही पाहिली नव्हती. आपा म्हणाली, "उजवीकडचा खुंटा. तिथे काळी म्हैस असायची."

मग अब्बा बोलू लागले. ते 1974 साली कुवेतला गेले, त्याच वर्षी आपाचा जन्म झाला. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. घर, शेत, गोठा सगळे अम्मीकडे. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. महिनोन्‌महिने पैसे येणे बंद. अब्बा वाळवंटातून जॉर्डनला, अम्मानहून विमानाने मुंबईला आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्या वर्षी घर चालले ते दोन म्हशींच्या दुधावर. पहाटे दूध काढून खेडला पोहोचवायचे काम सोळा वर्षांची आपा करत होती. दहावीत तालुक्यात वरच्या क्रमांकाने आलेली आपा. तिने अकरावीचे नाव काढून घेतले ते पुन्हा घातलेच नाही. भाईजानची आणि आमची फी मात्र एकाही महिन्यात चुकली नाही. पुढे आम्ही बीएड झालो, हातात खडू आला.

"मी परत आलो तेव्हा मला त्या गोठ्याची लाज वाटायची," अब्बा म्हणाले. "परदेशात राहून आलेल्या माणसाच्या घरामागे शेण. म्हशी मीच विकल्या. तुमची अम्मी तीन दिवस जेवली नाही."

थोडे थांबून ते म्हणाले, "आणि ती जागा माझी नाही, हे तुम्ही विसरू नका. तुमच्या नानांनी आपल्या मुलीचा शरई हिस्सा मोजून दिला होता. त्या काळात गावात कुणी देत नव्हते. ती जमीनच एका मुलीच्या हिश्श्याची आहे."

त्यांना लिफाफा ठाऊक होता की नव्हता, हे आम्ही आजवर विचारलेले नाही.

हिशोब

रात्री झोप आली नाही. आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवतो. दीनियातच्या तासाला सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींतले हिस्सेही समजावतो. अम्मीवर कर्ज नव्हते, तिने वसीयत केली नव्हती, तिचे आई-वडील आधीच गेले होते. पत्नीच्या मिळकतीत, मुले असतील तर, नवऱ्याचा चौथा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे एकूण वीस भाग केले तर अब्बांचे पाच, आम्हा दोन्ही भावांचे सहा-सहा आणि आपाचे तीन. फळ्यावर दोन मिनिटांत सुटणारे गणित. ते सोडवायला आम्हाला साडेसात हजार किलोमीटरवरच्या परक्या गोठ्यात यावे लागले.

मालकीणबाईंच्या भावाने दिला म्हणून त्यांना गोठा मिळाला. आपाला कुणी देण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा हिस्सा ठरलेला होता. आम्ही तो न मागता स्वतःकडे ठेवायला निघालो होतो, वर तिच्याच खर्चाने सहल करून.

बहिणीने राजीखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण आपल्यात किती बहिणी राजीखुशीने सोडतात आणि किती माहेरचे दार बंद होईल या भीतीने, हे आपण सगळे जाणतो.

बुधवारी सकाळी आपा ओढ्याकाठी रात्रीची देगची घासत होती. आम्ही दोघे तिच्याजवळ जाऊन बसलो आणि लिफाफा तिच्यापुढे ठेवला. सगळे सांगितले. तिने ओले हात ओढणीला पुसले, कागद वाचला, पुन्हा घडी घातली.

"मला माहीत होते," ती म्हणाली. "भाईजान रमजानमध्ये बोलला होता. सही मी केली असती रे. पण विचारले असते तर. तुम्ही कागद तयार करून आणलात."

आमच्याकडे उत्तर नव्हते. ती पुन्हा देगची घासू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला पैसे नकोत असे मी म्हणणार नाही. इथेही घराचे हप्ते आहेत. पण मी येईपर्यंत गोठा पाडू नका. डिसेंबरात येते. एकदा आत उभी राहते, मग काय ते ठरवू."

खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. भाईजानला फोन करायला गडग्याच्या कडेने डोंगर चढावा लागला. वाऱ्यात निम्मे बोलणे उडून जात होते. जे पोहोचले ते त्याला आवडले नाही. "गिऱ्हाईक थांबणार नाही," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "नाही थांबले तर नाही." फोन त्याने ठेवला की रेंज गेली, कळले नाही.

परत

शुक्रवारी सकाळी गोठा झाडून, चुली पुसून, चाव्या परत केल्या. जुम्याच्या नमाजला ब्लॅकबर्नला पोहोचायचे होते. अब्बांनी मालकीणबाईंना आपल्या हाताने बांधलेली मसाल्याची पुडी दिली. त्यांनी अब्बांना गवताची एक छोटी जुडी दिली, गेल्या जुलैची, वाळलेली. विमानतळावर अडवतील म्हणून ती आपाच्या घरीच ठेवावी लागली. आपाने ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे.

जूनमध्ये गावी परतल्यावर पहिले काम वारस नोंदीचे केले. तलाठ्याकडे अर्ज दिला. सातबाऱ्यावर आता चार नावे आहेत. अब्बा, भाईजान, आपा आणि आम्ही. तलाठ्यांनी विचारले, "बहिणीचे नाव लावायचेच आहे का? नंतर अडचण होते." आम्ही म्हणालो, "लावा." पाऊस तोंडावर होता, म्हणून गोठ्याची फुटकी कौले बदलून छप्पर शाकारून घेतले. मजुरी आम्हीच दिली. गिऱ्हाईक गेले. भाईजान फोनवर सलामाच्या पुढे फारसे बोलत नाही. तो आमच्यापेक्षा वाईट नाही. त्याच्यावर कर्ज आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याचे कसे करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मुलीच्या फीची सोय पतपेढीच्या कर्जाने झाली.

वाचकांपैकी कुणाचे आप्त तिकडे असतील आणि मोठ्या कुटुंबाने एकत्र राहायचा बेत असेल, तर असा गोठा जरूर घ्यावा. भांडी आपली न्यावीत, होकायंत्र न्यावे, जग न्यावा, मेमध्येही गरम कपडे न्यावेत. आणि जायच्या आधी आपल्या घरामागच्या गोठ्यात एकदा डोकावून यावे. आम्ही परत आल्यावर गेलो. उजवीकडच्या खुंट्याला खरेच खाच आहे. अंगठा बरोबर बसतो.

डिसेंबरात आपा येते आहे, इन्शाअल्लाह.